चित्रकार जोत्तो व सावकाराचें मंदिर

इटली देशाच्या ईशान्य भागांत, व्हेनिस शहरापासून फारशा दूर नसलेल्या ठिकाणीं, पादुआ नांवाचें एक प्राचीन नगर आहे. तेथें रोमन लोकांच्या काळच्या एका लंबवर्तुळाकार रंगभूमीचे अवशेष आहेत, आणि त्या अवशेषांच्या आवारांत साध्या विटांनीं बांधलेलें एक लहानसें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर उभें आहे. बाहेरून पाहणारास त्यांत विशेष असें कांहींच दिसत नाहीं. उंच शिखर नाहीं, नक्षीदार खांब नाहींत, दारावर पुतळ्यांची रांग नाहीं. एखाद्या जुन्या कोठाराची इमारत असावी असेंच प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु आंत पाऊल टाकतांच मनुष्य स्तब्ध होतो. डोक्यावर निळेंभोर छत, त्यावर सोनेरी तारे, आणि भिंती तर जमिनीपासून छतापर्यंत चित्रांनीं भरून गेलेल्या! सातशें वर्षांपूर्वीं हीं चित्रें ज्यानें काढिलीं, त्या जोत्तो नांवाच्या पुरुषाची हकीकत आम्ही आज आमच्या विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या वडीलमंडळींस सांगणार आहों. ही हकीकत चित्रकलेची तर आहेच. पण तींत पैशाचाहि बराच भाग आहे, आणि तो झांकून ठेवण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.

जोत्तोचा जन्म इ. स. १२६७ च्या सुमारास झाला असें पुष्कळ विद्वान् मानतात. कांहीं जण तो आणखी दहा वर्षें पुढें नेतात. त्याच्या बापाचें नांव बोंदोने. फ्लॉरेन्स शहराच्या उत्तरेस मुजेल्लो म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तेथील एका खेड्यांत शेतकऱ्याच्या पोटीं तो जन्मला व लहानपणीं बापाचीं मेंढरें राखीत असे, अशी परंपरागत समजूत आहे. एके दिवशीं चिमाबुए नांवाचा त्या काळचा प्रख्यात चित्रकार त्या वाटेनें जात असतां, एक मुलगा सपाट दगडावर अणकुचीदार खड्यानें मेंढराचें चित्र काढीत बसलेला त्यानें पाहिला. तें चित्र इतकें हुबेहूब होतें कीं, चिमाबुएनें तेथल्या तेथें त्या मुलास आपला शिष्य होतोस काय म्हणून विचारिलें, आणि बापाची परवानगी मिळतांच त्यास फ्लॉरेन्सला नेलें. गोष्ट मोठी गोड आहे. क्रमिक पुस्तकांत शोभण्याजोगी आहे. आणि म्हणूनच तिच्याविषयीं आम्हांस थोडा संशय येतो. ती लिहून ठेवणारे गिबेर्ती व वासारी हे दोघेहि जोत्तोच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनीं व त्याहूनहि मागाहून लिहिणारे. वासारीचा चरित्रग्रंथ तर १५५० सालचा. अलीकडे जुनीं दप्तरें तपासणाऱ्या संशोधकांचा कल असा आहे कीं, बोंदोने हा फ्लॉरेन्समधील एक लोहार असावा. मेंढपाळाच्या मुलाची गोष्ट कोणास अधिक आवडली तर आम्ही भांडत नाहीं. परंतु भात्याजवळ वाढलेल्या मुलानें हातीं कुंचला धरला, ही गोष्टहि कांहीं कमी मोलाची नव्हे.

दुसरी एक आख्यायिका अशी कीं, पोपचा हुजऱ्या निरनिराळ्या चित्रकारांच्या कामाचे नमुने गोळा करीत फिरत असतां जोत्तोकडे आला. जोत्तोनें कागद घेतला, कोपर कुशीला घट्ट लावलें, लाल रंगांत कुंचला बुडवून एका फिरक्यांत वर्तुळ काढिलें आणि तोच नमुना म्हणून त्याच्या हातीं दिला. हुजऱ्यास वाटलें, आपली थट्टा होत आहे. परंतु जाणत्यांनीं तें वर्तुळ पाहून त्यास कंपासाची गरज लागली नाहीं हें ओळखिलें, व काम त्यासच मिळालें. ही गोष्टहि खरी असेल वा नसेल. मात्र ती लोकांत रुजली यावरून जोत्तोच्या हाताविषयीं पुढील पिढ्यांस काय वाटत होतें तें कळतें.

जोत्तोनें नवें असें काय केलें, हें समजण्यास त्याच्या आधींचीं चित्रें कशीं असत तें थोडें सांगितलें पाहिजे. त्या काळीं इटलींत पूर्वरोमन साम्राज्याची, म्हणजे कॉन्स्टांटिनोपलकडची, चित्रपद्धति चालू होती. पाठीमागें सोनेरी पत्रा, त्यावर साधुसंतांच्या उंच, सडपातळ आकृति, वस्त्रांच्या चुण्या ठराविक रेघांनीं दाखविलेल्या, डोळे मोठे व स्थिर. त्या चित्रांत गांभीर्य फार आहे, व त्यांस हिणवणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. परंतु त्यांतील माणसें भूमीवर उभीं आहेत असें वाटत नाहीं. तीं या जगांतलीं नसतातच. जोत्तोनें त्यांस जमिनीवर उतरविलें. त्याच्या चित्रांतल्या मनुष्याच्या अंगास वजन आहे. तो बसला तर बसल्यासारखा दिसतो. त्याचा अंगरखा खांद्यावरून खालीं ओघळतो तो आंत खरोखरीचा खांदा आहे म्हणून. आणि आश्चर्य हें कीं, कित्येक माणसें आपल्याकडे पाठ करून बसलेलीं आहेत! आज यांत आपणांस नवल वाटत नाहीं. परंतु ज्यांनीं आजवर देवादिकांचीं चित्रें समोरूनच पाहिलीं होतीं, त्यांस त्या पाठमोऱ्या आकृति पाहून आपणहि त्या घोळक्यांत मागें उभे आहों असें वाटलें असेल.

त्याच्या तारुण्यांतील कामाविषयीं थोडक्यांतच सांगतों. असिसी येथें संत फ्रान्सिसच्या स्मरणार्थ बांधलेल्या मंदिरांत त्या संताच्या चरित्राचीं अठ्ठावीस चित्रें आहेत. तीं जोत्तोचीं कीं रोमच्या दुसऱ्या चित्रकारांचीं, यावर विद्वानांत दीड-दोनशें वर्षें वाद चालला आहे, व त्यांत पडण्याचा आमचा अधिकार नाहीं. रोम येथें जुन्या संत पेत्राच्या मंदिरासाठीं त्यानें वादळांत सांपडलेल्या तारवाचें मोठें चित्र रंगीत खड्यांच्या जडावकामांत करविलें होतें. त्याचे आतां तुकडेच उरले आहेत. यानंतर तो पादुआस आला, आणि येथें आमच्या कथेंत सावकाराचा प्रवेश होतो.

पादुआंत स्क्रोवेन्यी नांवाचें एक घराणें फार श्रीमंत होतें. इटालियन भाषेंत स्क्रोफा म्हणजे डुकरीण. यावरून त्यांच्या ढालीवर पांढऱ्या भूमीवर निळ्या डुकरिणीचें चिन्ह असे. घराण्याचा मुख्य रेजिनाल्दो यानें व्याजबट्ट्यावर अपार संपत्ति मिळविली होती. व्याज घेणें त्या काळीं साधी बाब नव्हती. ख्रिस्ती धर्मसभेनें ११७९ सालीं असा निर्बंध केला होता कीं, जो उघड सावकारी करतो त्यास प्रभुभोजनाचा लाभ देऊं नये, व त्याच्या प्रेतास ख्रिस्ती रीतीनें मूठमातीहि देऊं नये. कर्जाचें खत लिहून देऊन ज्यांनीं घर-शेत गमावलें आहे अशीं माणसें आपल्याहि गांवोगांवीं होऊन गेलीं. तेव्हां त्या काळच्या लोकांस सावकाराचा एवढा तिटकारा कां होता, हें आमच्या वाचकांस फोड करून सांगावयास नकोच. महाकवि दांते यानें आपल्या काव्यांत नरकाचें वर्णन करतांना, जळत्या वाळूवर बसलेल्या सावकारांच्या गळ्यांत पैशाच्या थैल्या अडकविल्या आहेत. त्यांतील एका थैलीवर निळी डुकरीण आहे. नांव त्यानें घातलें नाहीं, आणि घालण्याची गरजहि नव्हती.

या रेजिनाल्दोचा मुलगा एन्रिको. यानें १३०० सालच्या फेब्रुवारी महिन्यांत त्या रोमन रंगभूमीची जागा विकत घेतली. तेथें त्यानें आपल्यासाठीं वाडा बांधिला व वाड्याला लागून पवित्र मरीयेच्या नांवानें हें मंदिर उभारिलें. मंदिर रंगविण्यास त्यानें जोत्तोस बोलाविलें. काम १३०३ च्या सुमारास सुरू झालें व दोन वर्षांत बहुतेक पुरें झालें. २५ मार्च १३०५ रोजीं, म्हणजे देवदूतानें मरीयेस शुभवर्तमान सांगितल्याच्या सणाच्या दिवशीं, मंदिराची प्रतिष्ठा झाली. मात्र त्याच वर्षाच्या जानेवारींत एक खटका उडाला होता. शेजारीं एरेमितानी पंथाच्या साधूंचा मठ होता. त्यांनीं तक्रार केली कीं, एन्रिकोस परवानगी होती ती घरगुती लहान मंदिराची. त्यानें मात्र घंटेचा मनोरा उभारिला आहे आणि देवापेक्षां स्वतःच्या मोठेपणाकडे दृष्टि ठेवून खर्च चालविला आहे.

मग हें मंदिर बापाच्या पापाचें प्रायश्चित्त म्हणून बांधिलें, कीं गांवांत मिरविण्यासाठीं? विद्वानांत दोन्ही पक्ष आहेत. आम्हांस असें वाटतें कीं, माणसाचें मन एवढें सरळ नसतें. जो मनुष्य रात्रीं बापाच्या गतीची चिंता करीत तळमळतो, तोच सकाळीं उठून गवंड्यास मनोरा आणखी चार हात उंच घ्यावयास सांगतो. साधूंची तक्रार एक गोष्ट सांगते. भिंतींवरचीं चित्रें दुसरी गोष्ट सांगतात. चित्रांत पैशाची थैली पुन्हां पुन्हां दिसते, आणि ज्याच्या पैशानें तीं निघालीं त्यानें ती पुसावयास लाविली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां हीं चित्रें काढण्याची रीत थोडक्यांत सांगतों, कारण तींत चित्रकाराची खरी कसोटी असते. प्रथम भिंतीस चुन्याचा जाड गिलावा देतात. त्यावर पुष्कळदां तांबूस मातीच्या रंगानें चित्राचा कच्चा आराखडा काढीत. मग एका दिवसांत जेवढें रंगवून होईल तेवढ्याच भागावर नवा, बारीक चुन्याचा पातळ थर चढवावयाचा, आणि तो ओला आहे तोंवरच नुसत्या पाण्यांत कालविलेले रंग त्यावर लावावयाचे. चुना हवेंतील कर्बवायु शोषून घेत वाळूं लागतो, दगडासारखा घट्ट होतो, व रंग त्याच्याच पोटांत बंदिस्त होऊन राहतात. त्यामुळें तीं चित्रें शतकानुशतकें टिकतात. परंतु चूक झाली तर पुसतां येत नाहीं. तेवढा गिलावा खरवडून पुन्हां आरंभ करावा लागतो. बारकाईनें पाहिलें असतां एका दिवसाचें काम कोठें संपलें व दुसऱ्या दिवसाचें कोठें लागलें, तो सांधा आजहि दिसतो. एखादें तोंड रंगविण्यास एक दिवस लागे; नुसतें आकाश असलें म्हणजे हात भराभर चाले. निळ्या रंगाची मात्र अडचण होती. जोत्तोनें वापरलेला निळा दगड ओल्या चुन्याशीं जमत नाहीं, म्हणून तो भिंत वाळल्यावर चिकट द्रव्यांत कालवून लावावा लागे. आणि म्हणूनच मरीयेच्या झग्यावरचा निळा रंग कित्येक ठिकाणीं गळून गेला आहे. आमच्यापैकीं ज्यांनीं अजिंठ्याचीं लेणीं पाहिलीं असतील त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, तेथील चित्रें कोरड्या लेपावर काढिलेलीं आहेत. रीत निराळी आहे. तरी भिंतींवरील चित्रें सांभाळण्याच्या कलेंत इटालियन लोकांचा हातखंडा असल्यामुळें, निजाम सरकारनें १९२० सालीं अजिंठ्याच्या डागडुजीसाठीं चेक्कोनी नांवाच्या इटालियन तज्ज्ञास मुद्दाम बोलाविलें होतें.

मंदिराचा मुख्य भाग सुमारें सत्तर फूट लांब, अठ्ठावीस फूट रुंद व चाळीस फुटांहून थोडा अधिक उंच आहे. खिडक्या दक्षिणेच्या भिंतीस सहा. उत्तरेच्या अंगास वाडा असल्यामुळें तिकडे एकहि नाहीं. दोन्ही भिंतींवर एकाखालीं एक अशा तीन ओळींत चित्रें आहेत. वरच्या ओळींत मरीयेच्या आईबापांची व तिच्या बालपणाची कथा, मधल्या ओळींत येशूचा जन्म व त्याचीं कार्यें, खालच्या ओळींत त्याचें दुःखसहन, मरण व पुनरुत्थान. सगळ्यांचें वर्णन करूं लागलों तर अंकाचीं पानें पुरणार नाहींत. आम्ही निवडक चार-पांच चित्रांपाशींच थांबूं.

पहिल्याच ओळींत योआकीम, म्हणजे मरीयेचा बाप, याची गोष्ट आहे. त्याला संतति नव्हती, म्हणून याजकानें त्याला मंदिरांतून ढकलून बाहेर घातलें. घरीं तोंड दाखविण्याची लाज वाटून तो रानांत आपल्या मेंढपाळांकडे गेला. जोत्तोनें नेमका तोच क्षण धरला आहे. योआकीम मान खालीं घालून, हात वस्त्रांत गुंडाळून येत आहे. त्याचा कुत्रा त्याला ओळखून उड्या मारीत पुढें धांवला आहे. त्या बिचाऱ्यास धन्याच्या अपमानाची काय कल्पना! दोन मेंढपाळ मात्र एकमेकांकडे पाहत आहेत: धन्याचें स्वागत करावें, कीं कांहीं न पाहिल्यासारखें करावें? दुःखी मनुष्य समोर आला म्हणजे आपणां सर्वांची जी अवघड स्थिति होते, ती त्या एका कटाक्षांत आली आहे. मेंढरांचा कळप गोठ्यांतून बाहेर पडतो आहे तोहि इतका खरा आहे कीं, लहानपणच्या मेंढरांची ती आख्यायिका अशींच चित्रें पाहून निघाली असावी असा आमचा तर्क आहे. पुढें योआकीमास देवदूताकडून शुभवार्ता कळते, व यरुशलेमच्या सुवर्णद्वारापाशीं त्याची व हन्नेची भेट होते. तीं दोघें म्हाताऱ्या वयांत एकमेकांस आलिंगन देतात. दोन्ही तोंडें इतकीं जवळ आलीं आहेत कीं, तीं दोन निराळीं आहेत असें वाटत नाहीं.

ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनास येतात त्या चित्रांत गोठ्याच्या वर तारा असावयाचा. जोत्तोनें तेथें लांब शेपटीचा, आगीसारखा लाल धूमकेतु काढिला आहे. १३०१ सालीं हॅलेचा धूमकेतु आकाशांत दिसला होता, व तोच पाहून त्यानें हें चित्र काढिलें असावें असें पुष्कळांस वाटतें. म्हणूनच १९८५ सालीं युरोपच्या शास्त्रज्ञांनीं त्या धूमकेतूकडे यान पाठविलें तेव्हां त्यास जोत्तोचें नांव दिलें. तें यान १९८६ च्या मार्च महिन्यांत धूमकेतूच्या गाभ्यापासून सुमारें सहाशें किलोमीटरांवरून गेलें.

वेदीसमोरच्या कमानीच्या एका अंगास यहूदा इस्कर्योत याजकांकडून पैसे घेत आहे. त्याच्या मुठींत थैली आहे, आणि पाठीशीं काळाकुट्ट सैतान त्यास धरून उभा आहे. समोरच्या अंगास मरीया व अलीशिबा एकमेकींस भेटत आहेत. एकीकडे सौदा, एकीकडे स्नेह. आणि एन्रिको प्रार्थनेस येई तेव्हां हीं दोन्ही चित्रें त्याच्या दृष्टीसमोरच असत. पुढें भिंतीवर यहूदाच्या चुंबनाचें चित्र आहे. यहूदाच्या अंगावर पिंवळा झगा आहे, आणि तो त्यानें येशूभोंवतीं असा टाकिला आहे कीं येशूचें शरीर बहुतेक झांकून गेलें आहे. चोहोंकडे भाले, सोटे, मशाली यांची गर्दी उसळली आहे. त्या सगळ्या धांदलींत दोन तोंडें मात्र स्थिर आहेत. येशू यहूदाच्या डोळ्यांत सरळ पाहत आहे. त्या दृष्टींत राग नाहीं, आश्चर्यहि नाहीं. यहूदाची नजर मात्र डळमळते आहे असें आम्हांस वाटतें.

येशूस वधस्तंभावरून उतरविल्यानंतरच्या शोकाचें चित्र तर सर्वांत प्रसिद्ध आहे. मरीयेनें मुलाचें डोकें मांडीवर घेऊन त्याच्या मानेखालीं हात घातला आहे व ती त्याच्या मुखाकडे अगदीं जवळून पाहत आहे. मग्दालीया पायांपाशीं बसली आहे. योहानानें दोन्ही हात मागें फेंकले आहेत. पुढें दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहींत, परंतु त्या वांकलेल्या पाठींवरूनच त्यांचें दुःख कळतें. मागें एक उजाड खडकाची धार तिरकी उतरत येऊन मायलेकरांच्या तोंडांपाशीं थांबते, आणि तिच्या वरच्या टोंकाला एकच निष्पर्ण झाड आहे. आकाशांत देवदूत आहेत. तेहि माणसांप्रमाणेंच रडत, हात पिळीत, भिरभिरत आहेत. जिच्या घरीं असा प्रसंग आला आहे अशा आईस हें चित्र कोणी समजावून देण्याची गरज नाहीं.

या तीन ओळींच्या खालीं, डोळ्यांच्या उंचीवर, सात सद्गुण व सात दुर्गुण यांच्या आकृति आहेत. त्या रंगीत नाहींत. दगडांत कोरल्या आहेत असा भास व्हावा म्हणून करड्या रंगांत काढिल्या आहेत. मत्सराची आकृति पाहून लहान मुलें खात्रीनें घाबरतील. तिच्या मुखांतून साप निघाला आहे, आणि तो वळून तिच्याच डोळ्यांवर झेप घेत आहे. तिचे कान मोठे आहेत, पायांखालीं आग आहे, आणि एका हातांत थैली घट्ट धरली आहे. तिच्या समोरच्या भिंतीवर प्रीति उभी आहे. तिच्या पायांखालीं काय आहे म्हणाल तर पैशानें भरलेलीं पोतीं! तीं तुडवीत ती आपलें हृदय वर देवाच्या हातीं देत आहे.

प्रवेशद्वाराची सबंध भिंत शेवटच्या न्यायाच्या दिवसानें व्यापिली आहे. मध्यभागीं ख्रिस्त बसला आहे. त्याच्या आसनापासून आगीची नदी निघून नरकांत जाते. त्या नरकांत कांहीं माणसें फांसावर लटकत आहेत, आणि त्यांचे फांस म्हणजे त्यांच्याच थैल्यांचीं बंदें आहेत. ते सावकार होत. दुसऱ्या बाजूस, तारण पावलेल्यांच्या अंगाला, खुद्द एन्रिको गुडघे टेंकून बसला आहे; एका धर्मगुरूच्या खांद्यावर टेकविलेली या मंदिराची प्रतिकृति तो मरीयेच्या हातीं देत आहे. त्याच्या अंगावर जांभळीं वस्त्रें आहेत; जांभळा हा प्रायश्चित्ताचा रंग. ती भेट स्वीकारली जाईल कीं नाहीं? मरीयेनें हात पुढें केला आहे, एवढेंच चित्रकारानें दाखविलें.

आतां जोत्तोच्या स्वतःच्या व्यवहाराकडे वळूं. वाचकांस वाटेल कीं, पैशाच्या मोहाचें असें चित्र काढणारा पुरुष विरक्त असला पाहिजे. दप्तरें तसें सांगत नाहींत. जोत्तोचें कुटुंब मोठें होतें. त्याची घरें होतीं, मुजेल्लोंत जमिनी होत्या, येणें रकमांच्या वसुलीसाठीं त्यानें वकील दिल्याचेहि कागद आहेत. १३१२ सालच्या एका लेखावरून असें दिसतें कीं, त्यानें एका विणकरास माग भाड्यानें दिला होता, व तें भाडें फार जबर होतें. व्याजास धर्माची बंदी असल्यामुळें माग भाड्यानें देणें ही त्या काळीं त्यावरची एक पळवाट होती, असें जाणते म्हणतात. तेव्हां पादुआंत थैल्या रंगविणाऱ्या हातास थैलीची ओळख होती! यामुळें कोणी त्यास ढोंगी म्हणेल. आम्ही म्हणत नाहीं. लोभ कसा दिसतो हें त्यानें ऐकीव माहितीवरून रंगविलें नाहीं, इतकेंच आम्हांस त्यांत दिसतें.

दिसण्यांत तो अगदीं कुरूप होता, पण बोलण्यांत मोठा हजरजबाबी, अशी बोक्काच्च्यो या कथालेखकानें त्याची ख्याति लिहून ठेविली आहे. १३२८ नंतर कांहीं वर्षें तो नेपल्सच्या रॉबर्ट राजाच्या दरबारीं होता. तेथली एक गोष्ट सांगतात. उन्हाळा कडक होता. राजा त्यास म्हणाला कीं, मी तुझ्या जागीं असतों तर एवढ्या उन्हांत चित्रें काढण्याचें बंद ठेविलें असतें. जोत्तोनें उत्तर दिलें कीं, मी आपल्या जागीं असतों तर मींहि तसेंच केलें असतें. नेपल्सच्या त्या चित्रांपैकीं आज जवळजवळ कांहीं उरलेलें नाहीं.

फ्लॉरेन्समध्यें सान्ता क्रोचे या मंदिरांत त्यानें बार्दी व पेरुत्सी या दोन पेढीवाल्या घराण्यांचीं प्रार्थनालयें रंगविलीं. दारिद्र्य हीच आपली पत्नी मानणाऱ्या संत फ्रान्सिसचें चरित्र त्यानें बार्दी या धनाढ्य सराफांच्या भिंतींवर काढिलें, हा योगायोग मोठा विलक्षण होय. या दोन्ही पेढ्या पुढें १३४० नंतरच्या दशकांत बुडाल्या. इंग्लंडच्या राजानें कर्ज फेडलें नाहीं हें त्याचें एक मोठें कारण. चित्रांवर अठराव्या शतकांत कोणी चुना फासला, आणि एकोणिसाव्या शतकांत तो खरवडून तीं पुन्हां उजेडांत आणिलीं गेलीं. चुना फासण्यापूर्वीं तीं पाहणाऱ्यांत मायकेल अँजेलो होता. त्यानें तरुणपणीं पेरुत्सींच्या भिंतीवरील आकृतींवरून केलेलें रेखाटन अद्याप पाहावयास मिळतें.

१२ एप्रिल १३३४ रोजीं फ्लॉरेन्सच्या नगरसभेनें जोत्तोस मुख्य मंदिराच्या व शहराच्या बांधकामावर प्रमुख नेमिलें. त्यानें मंदिराशेजारीं घंटेचा मनोरा बांधावयास घेतला. त्याच वर्षाच्या जुलैंत पाया घातला गेला. वय साठीच्या बरेंच पुढें गेलेलें. पांढऱ्या, हिरव्या व तांबूस संगमरवराचा पहिला मजला कसाबसा उभा राहतो न राहतो तोंच, ८ जानेवारी १३३७ रोजीं त्याचा अंत झाला. शहरानें आपल्या खर्चानें त्यास मुख्य मंदिरांत मूठमाती दिली. मनोरा दुसऱ्या दोन कारागिरांनीं १३५९ पर्यंत पुरा केला. त्याची उंची सुमारें २७८ फूट आहे, व लोक त्यास अजून जोत्तोचाच मनोरा म्हणतात.

एन्रिको स्क्रोवेन्यीच्या नशिबीं मंदिराशेजारच्या वाड्यांत सुखानें मरण नव्हतें. पादुआंतील राजकारणामुळें त्यास परागंदा व्हावें लागलें, आणि जोत्तोच्या आदल्या वर्षीं, १३३६ सालीं, तो व्हेनिस येथें वारला. त्याची समाधि मात्र या मंदिरांतच वेदीच्या मागें आहे. म्हणजे ख्रिस्ती भूमींत मूठमाती त्यास मिळाली. वाडा पुढें दुसऱ्या घराण्यांच्या हातीं गेला व एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाडण्यांत आला. मंदिराची आबाळ पाहून पादुआच्या नगरपालिकेनें १८८० सालीं तें विकत घेतलें.

मंदिरावर खरें संकट आलें तें दुसऱ्या महायुद्धांत. ११ मार्च १९४४ रोजीं विमानांनीं पादुआवर बाँब टाकले. ज्या साधूंनीं एन्रिकोच्या मनोऱ्याविरुद्ध तक्रार केली होती त्यांच्या एरेमितानी मंदिरावर ते पडले. तेथील एका प्रार्थनालयांत मान्तेन्या या थोर चित्रकाराचीं भिंतीवरील चित्रें होतीं, त्यांचा चक्काचूर झाला. तीं तुकडे-तुकडे वेंचून जुळविण्याचें काम पुढें कित्येक वर्षें चाललें. शंभर-दीडशें पावलांच्या अंतरावरचें जोत्तोचें मंदिर मात्र वांचलें.

आतां त्यास बाँबची भीति नसली तरी माणसांच्या श्वासाची आहे. गर्दीच्या श्वासानें व अंगच्या घामानें हवेंत दमटपणा येतो, धूळहि आंत येते, आणि दोन्ही मिळून रंग खातात. म्हणून मंदिराशेजारीं कांचेची एक खोली करण्यांत आली, आणि २००१-२००२ सालीं चित्रांची मोठी डागडुजी झाली. येणाऱ्यांस प्रथम त्या खोलींत कांहीं वेळ बसवितात, तेथील हवा शुद्ध करतात, आणि मगच आंतलें दार उघडतात. २०२१ सालीं युनेस्को या जागतिक संस्थेनें पादुआंतील चौदाव्या शतकाच्या इतर भित्तिचित्रांसह या मंदिराची जागतिक वारशांत गणना केली. एका वेळीं थोडेच लोक आंत जातात, व त्यांस साधारणपणें पंधरा मिनिटें मिळतात. वेळ संपला म्हणजे रखवालदार त्यांस बाहेर जाण्यास सांगतो, आणि कांचेच्या खोलींत बसलेले पुढचे लोक उठून उभे राहतात.